एका बुटाची कारकीर्द

बूट चावत होते. तसे ते सकाळी पायात घालतानाच चावले होते, पण बायकोने कौतुकाने "कसे बसतात?" असं विचारलं, तेव्हा आमदार म्हणाले, "छान!" बूट तिनेच हौसेने आणले होते. एक नंबर लहान होते, पण वापरून सैल होतात असं दुकानदाराने तिला सांगितलं होतं. आपला नवराही असाच वापरून वापरून सैल झालेला असल्यामुळे तिला ते लगेच पटलं होतं.

आमदारांचा मूळ धंदा चष्म्यांचा. गावात सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत आणि निवडून आल्यावरही त्यात फरक पडला नव्हता. माणूस इतका भिडस्त, की 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. पक्षाने म्हटलं, "तुमचा एक अर्ज भरून ठेवा, आपला नावाला." त्यांनी भरला. खरा उमेदवार स्वतःच्या अर्जावर सही करायला विसरला, त्याचा अर्ज बाद झाला आणि नावाला उभे असलेले चष्मेवाले निवडून आले. अर्ध्या मतदारसंघाच्या नाकावर त्यांचेच चष्मे होते, त्याचाही थोडा उपयोग झाला असावा.

सभागृहात शिरताना मात्र ते अजून उंबऱ्याशी थबकत. मान मोडेपर्यंत वर बघावं एवढं उंच छत, पावलांचा आवाज गिळून टाकणारा गालिचा, आणि वरच्या खुर्चीतून अध्यक्ष नुसते खाकरले तरी चिडीचूप होणारी ती एवढी मोठमोठी माणसं. इथे एक माणूस हात वर करतो आणि कुठल्या तरी लांबच्या गल्लीत दिवा लागतो किंवा विझतो, या विचाराने चष्मेवाले अक्षरशः दिपून जात. त्यामुळे दोन वर्षांत ते तिथे एक अक्षर बोलले नव्हते. सगळ्यात मागच्या, म्हणजे सगळ्यात उंचावरच्या बाकावर बसून ते भारावलेल्या नजरेने सगळं बघत असत.

आज तर बायको प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसली होती, तीही पहिल्या रांगेत. चष्मेवाल्यांनी वर बघितलं, हसले, आणि बाकाखाली हळूच उजव्या पायाचा बूट काढला. असा काही जीव निवला, काय सांगावं! तो आनंद चेहऱ्यावर न दाखवता ते परिवहन मंत्र्यांचं भाषण ऐकू लागले.

विधेयक होतं तोट्यातल्या बसगाड्या बंद करण्याचं. त्यात चष्मेवाल्यांच्या गावची सकाळची बसही होती. सगळ्या खेड्यांतली पोरं शाळेला, म्हातारी माणसं दवाखान्यात आणि अधू डोळ्यांची माणसं त्यांच्या दुकानात त्याच बसने येत. चष्मेवाल्यांचा पक्ष विरोधी बाकांवर होता. पक्षाच्या नेत्यांनी जोरदार भाषण केलं आणि शेवटी हात उंचावून गर्जना केली, "या अन्यायाच्या निषेधार्थ आम्ही सभात्याग करतो!"

सगळा पक्ष उठला. घोषणा देत सगळे पायऱ्या उतरू लागले. चष्मेवाल्यांनी उजवा पाय बुटात घालायला पुढे केला, तर बूट जागेवर नाही! निघालेल्या मंडळींपैकी कुणाची तरी लाथ त्याला बसली होती. त्याच्या खालच्या रांगेतल्याने तो पुढे ढकलला, त्याच्या खालच्याने आणखी पुढे. बूट पायरी पायरी उतरत थेट खाली पोचला आणि परिवहन मंत्र्यांच्या टेबलासमोर, सभागृहाच्या ऐन मध्यावर, मोठ्या रुबाबात उभा राहिला. आमदाराने दोन वर्षांत केली नव्हती तेवढी प्रगती बुटाने दोन मिनिटांत केली.

"चला की हो!" शेजारचे आमदार जाता जाता म्हणाले.

"आलोच, व्हा पुढे," चष्मेवाले म्हणाले. पण येणार कसे? मोज्याला अंगठ्याशी भलंमोठं भोक होतं आणि वर पत्रकारांचे कॅमेरे होते. बघता बघता विरोधी बाकांवर ते एकटेच उरले. विरोधक गेलेले पाहून सरकारी पक्षाचे निम्मे लोकही निवांतपणे उपाहारगृहाकडे वळले.

बुटाच्या जवळच एक शिपाई उभा होता. त्याचं लक्ष जावं म्हणून चष्मेवाल्यांनी हात हलवला. लक्ष गेलं नाही, म्हणून हात चांगला उंच केला. नेमकं त्याच वेळी अध्यक्ष म्हणाले, "विरोधात कुणी आहे?"

सगळ्यांच्या नजरा त्या एका हाताकडे वळल्या.

"सन्माननीय सदस्यांचा विरोध आहे? मोजणी हवी आहे?" अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. (तो चष्मेवाल्यांकडचा नव्हता, एवढीच काय ती कमतरता.) "की हात चुकून वर गेला? चुकून गेला असेल तर तसं सांगा. आपण मागे घेतला असं समजू."

मंत्री उठून गोड आवाजात म्हणाले, "अहो, कशाला मोजत बसायचं? मागे घ्या. तुमच्या गावच्या पुलाचं बघू आपण."

सुटकेचं दार सताड उघडं होतं. 'हो, चुकून' एवढंच म्हणायचं होतं, आणि हो म्हणण्याचा चष्मेवाल्यांना जन्माचा सराव होता. ते उठून उभे राहिले. अंगठा भोकातून बाहेर आला.

"हात मागे घेता?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

"नाही," चष्मेवाले म्हणाले.

हे कोण बोललं म्हणून त्यांनी स्वतःच आजूबाजूला पाहिलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे आपणच बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं.

मग त्या एका हातामुळे जे काही सुरू झालं, ते पाहून ते थक्क झाले. सदस्यांना मतदानाला बोलावणारी घंटा घणघण वाजू लागली. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर फोटो काढून घेणारा त्यांचा पक्ष घंटा ऐकून धावत आत आला. उपाहारगृहातली घंटा मात्र जेवणात व्यत्यय नको म्हणून सदस्यांनीच कधीची बंद करून घेतली होती. दारं लागली. माणसं मोजली. विधेयक पडलं.

सज्जात बायको उभी राहिली होती. ती त्यांच्याकडे अशा काही नजरेने बघत होती, की लग्नातसुद्धा तिने तसं बघितलं नव्हतं. चष्मेवाल्यांना रडू यायचंच बाकी राहिलं. ही नजर एका बुटाची कमाई आहे हे हिला कळलं, तर ती पुन्हा कधी दिसायची नाही. तेव्हा आता काही झालं तरी बुटाचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात सरकारी बाकांवरून कुणीतरी किंचाळलं, "बूट! मंत्रीमहोदयांवर बूट फेकला!"

गदारोळ उठला. आता बूट माझा म्हणावं तर निलंबन, आणि तो घरंगळला म्हणावं तर सगळ्या राज्यात हसं, शिवाय ती नजर जाणार ते वेगळंच. त्या गोंधळात चष्मेवाल्यांनी दुसरा बूट आणि मोजे काढून पिशवीत कोंबले आणि अनवाणी बाहेर पडले. दारातच पत्रकारांनी गाठलं.

"साहेब, पायात काही नाही? हाही निषेधच का?"

"अं... हो," चष्मेवाले म्हणाले.

"म्हणजे बसगाड्यांचा प्रश्न कायमचा सुटेपर्यंत पायात काही घालणार नाही?"

"हो," सवयीने तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी ते 'अनवाणी आमदार' झाले. लोक लांबून त्यांचे पाय बघायला येऊ लागले. पायांचे फोटो छापून आले. मुलांना घेऊन आयाबाया दुकानात येत आणि हळू आवाजात म्हणत, "बघ, हेच ते." चष्मेवाले पाय टेबलाखाली ओढून घेत. तापलेल्या डांबरावरून चालताना ते एवढे टुणटुण उड्या मारत, की लोकांना तो उत्साह वाटे.

पक्षाचे नेते चारचौघांत त्यांच्या खांद्यावर हात ठेवत, पण एकटे सापडले की डोळे वटारत. "मी सभात्याग केला आणि तुम्ही बसून राहिलात. मग मला काय मूर्ख ठरवायचं होतं का?" चष्मेवाले यालाही हो म्हणणार होते, पण वेळीच खोकले.

इकडे बूट फेकणाऱ्याचा शोध लावण्यासाठी समिती नेमायची ठरली. अध्यक्षपदासाठी कुठल्याच बाजूला कुठलंच नाव पसंत पडेना. शेवटी दोन्ही बाजूंचं एकमत झालं. ज्याने पादत्राणांचाच त्याग केला आहे, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस कोण मिळणार? चष्मेवाल्यांना विचारण्यात आलं. त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नकोच.

समितीच्या प्रत्येक बैठकीला शिपाई लाखेची मोहोर लावलेला तो बूट ताटलीत ठेवून आणत असे. एकेका सदस्याला बोलावून तो पायात घालायला लावत. मुळातच लहान असल्यामुळे तो कुणाच्याच पायात जाईना. एकदा एक सदस्य खवळून म्हणाले, "मग अध्यक्षांनीही घालून बघावा!" चष्मेवाल्यांनी बूट घेतला, पण अनवाणी चालून चालून त्यांचे पाय असे काही पसरले होते, की अर्धा पंजासुद्धा आत गेला नाही. सगळ्या समितीने त्या पसरट पायांकडे आदराने पाहिलं आणि ते सदस्य ओशाळून खाली बसले.

या सगळ्यात बायको एका शब्दाने काही बोलली नाही. संध्याकाळी ती गरम पाण्याची बादली आणून ठेवी, पायाला तेल लावी, आणि मधूनच वर बघे. नजर तीच असे. कितीदा तरी त्यांच्या ओठांवर आलं, 'अगं, तो बूट...' पण तिचा चेहरा पाहून ते म्हणत, "पाणी छान आहे."

अखेर मुदत संपली. पक्षाने तिकीट दिलं नाही. ते स्वतंत्र उभे राहिले आणि सपशेल पडले. लोक सांत्वन करायला आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्यासारख्या देवमाणसाला त्या चिखलात पुन्हा कशाला पाठवायचं?" ते म्हणाले. "आम्ही मुद्दाम दुसऱ्याला मत दिलं."

राजधानीतली आमदारकीची खोली रिकामी करायला दोघं गेली. समिती कुठल्याही निष्कर्षाला न येता बरखास्त झाली होती. शिपायाने विचारलं, "साहेब, याचं काय करू?" चष्मेवाल्यांनी बूट घेतला आणि पिशवीच्या तळाशी दडवला.

परतताना तालुक्याहून त्यांनी गावाकडची सकाळची बस धरली. तीच बस. गाडी पोरांनी खच्चून भरली होती. एका म्हातारीने सरकून दोघांना जागा दिली. तिच्या नाकावर त्यांच्याच दुकानातला चष्मा होता. चष्मेवाले खिडकीतून बाहेर बघत राहिले. आता आपण कुणीच नाही, तेव्हा आता तरी हिला खरं सांगून टाकावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि घसा साफ केला.

"आणलात का?" बायकोने विचारलं.

"काय?"

"बूट."

चष्मेवाल्यांनी आ वासला. तिने आपल्या पिशवीतून डाव्या पायाचा बूट काढून मांडीवर ठेवला. आरशासारखा चकचकीत. "माळ्यावर ट्रंकेमागे टाकलात. चामडं तडकलं असतं. मी अधूनमधून पॉलिश करत होते."

"म्हणजे तुला... कधीपासून?"

"पहिल्या रांगेत बसले होते की मी. वरून सगळं दिसतं. पायऱ्या उतरत गेला तो."

"मग तू माझ्याकडे तशी का बघत होतीस?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "हात तर मी बुटासाठी वर केला होता!"

"हात बुटासाठी होता, माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण अध्यक्ष म्हणाले, चुकून गेला असेल तर सांगा. मंत्री पूल देत होते. आणि तुम्ही फाटक्या मोज्यावर उभे राहून नाही म्हणालात. ते काय बुटाने म्हटलं? मला किती छान वाटलं म्हणून सांगू!"

चष्मेवाले तिच्याकडे बघतच राहिले. एवढी वर्षं ते सभागृहाच्या उंच छताकडे तोंड वर करून बघत बसले होते, आणि खरं बघण्यासारखं माणूस सज्जात बसलं होतं. त्यांना एकदम भरून आलं. मग पायांची आठवण झाली.

"अगं, पण मग तीन वर्षं मला अनवाणी चालू दिलंस? एका शब्दाने तरी बोलायचंस!"

"वाट बघत होते," ती शांतपणे म्हणाली. "म्हटलं, एकदा नाही म्हणता आलं, तर दुसऱ्यांदाही येईल. रोज वाटायचं, आज म्हणाल." तिने त्यांच्या पिशवीच्या तळातून उजवा बूट काढला, लाख नखाने खरवडली आणि दोन्ही बूट त्यांच्या पायांशी जोडून ठेवले. "बरं, झालं ते झालं. आता घाला. मी हौसेने आणले होते."

चष्मेवाल्यांनी बुटांकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "चावतात."

बायकोने त्यांच्याकडे वळून बघितलं. नजर तीच होती.