महाराजांनी थांबवलेलं वादळ

एका जंगलात, जिथं झाडं संपली की लगेच समुद्र लागायचा, तानुबाई नावाची अस्वलीण राहत होती. अस्वलं समुद्राजवळ कशाला राहतील, असं विचारू नका बाळांनो. तिचं सासर तिथं होतं.

गुहेत माणसं चार. म्हणजे अस्वलं चार. तानुबाई, तिचा नवरा रावजी, मुलगी बकू आणि सासूबाई, ज्यांना तानुबाई आत्याबाई म्हणायची. शिवाय दोन पाळीव जनावरं होती. ठकी नावाचं एक कासव आणि सुभेदार नावाचा एक बोकड.

अस्वलाच्या घरी बोकड कसा, हे मात्र विचारलंत तर चालेल. ओढ्याला पूर आला होता तेव्हा बकूनं त्याला पाण्यातून काढला. तेव्हा तो तिच्या मांडीवर मावायचा. पुढं मावेना. अंगाला वास यायला लागला, अंथरुणं खायला लागला आणि एकदा बसला की उठेना झाला. त्याच्याशी भांडण झालं नाही असं त्या घरात कुणी नव्हतं, आणि तो जेवल्याशिवाय जेवायला बसणारंही कुणी नव्हतं.

एके दिवशी समुद्रावरचे पक्षी जंगलाच्या आत निघाले. ओरडत नव्हते, नुसते जात होते. तानुबाईला ते बरं वाटलं नाही. तिनं भोपळ्यांत पाणी भरून ठेवलं, मधाची पोळी आत घेतली आणि गुहेच्या तोंडाशी लावायला एक धोंडा ढकलत आणला.

दुपारी दवंडी आली. मोठं चक्रीवादळ येतंय, सगळ्यांनी राजनिवाऱ्यात जमावं.

खरं तर दवंडी आधीच यायची होती. पण वादळाला नाव ठेवायला एक समिती बसली होती आणि तिथल्या प्रत्येकाला आपल्या सासूचं नाव सुचवायचं होतं. क्षितिज काळं झालं तरी एकमत होईना. शेवटी वादळ बिननावाचंच येऊ द्यायचं ठरलं.

राजनिवारा माळावर होता. गेल्याच वर्षी महाराजांच्या, म्हणजे सिंहाच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. छप्पर झावळ्यांचं होतं, पण त्यावर चुना आणि काजळी असं काही फासलं होतं की लांबून थेट कातळ वाटावा. जवळ जाऊन बघायची परवानगी नव्हती.

"निघा लवकर," रावजी म्हणाला. "पुढची जागा मिळेल." रावजीला कुठंही पुढची जागा आवडायची.

सगळे निघाले. बकूनं सुभेदाराच्या गळ्यात वाखाची दोरी बांधली आणि ठकीला काखेत घेतलं. निवाऱ्याच्या दाराशी प्रधानजी उभे होते. प्रधानजी म्हणजे कोल्हा. शेजारी पहाऱ्याला बिबट्या हवालदार.

प्रधानजींनी सगळ्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाळीव जनावरं आत येणार नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे कोण?" तानुबाईनं विचारलं.

"गळ्यात दोरी असेल ते."

बकूनं प्रधानजींच्या गळ्याकडं बोट केलं. "तुमच्या गळ्यात पण पट्टा आहे."

"तो मानाचा आहे," प्रधानजी म्हणाले. "कासव चालेल. ते भांड्यांत धरता येईल."

तानुबाईनं बोकडाची दोरी सोडली. "हा घ्या. आता नाही पाळीव."

"मग तो नुसता बोकड झाला. नुसत्या बोकडाला येता येईल, पण आतल्या गर्दीत त्याचं काही बरंवाईट झालं तर दरबार जबाबदार नाही."

"येऊ द्या की त्याला," बिबट्या हवालदार फार प्रेमानं म्हणाला. "मी स्वतः लक्ष ठेवीन."

तानुबाईनं दोरी परत बांधली.

रावजीनं तिला बाजूला घेतलं. "अगं, बोकड आहे तो. चार पाय आहेत त्याला. त्याचं तो बघेल."

"बकू काय म्हणते विचारा."

बकूनं सुभेदाराच्या मानेत तोंड खुपसलं होतं.

"आम्ही घरी जातो," तानुबाई म्हणाली. "तुम्ही चला."

रावजीनं घराकडं पाहिलं, मग निवाऱ्याकडं पाहिलं. आत पुढची जागा अजून रिकामी होती.

"घरातलं एक तरी माणूस सुरक्षित असलेलं बरं," तो म्हणाला. "तुमच्यासाठीच म्हणतोय." आणि आत गेला.

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकाच्या पाठीकडं पाहिलं आणि सुनेमागं चालायला लागल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "त्याचा बाप पण असाच होता."

घरी पोचेपर्यंत वारा सुटला. तानुबाईनं धोंडा तोंडाशी लावला, कडेला एक फट तेवढी राहिली. मग वादळ आलं.

बाळांनो, वादळाचं वर्णन मी करणार नाही. तुम्ही रात्री झोपायचे नाही आणि तुमच्या आया मला बोलतील. एवढंच सांगतो, की बाहेर झाडं मोडल्याचा आवाज येत होता आणि तो मोजायचं बकूनं लवकरच सोडून दिलं. फटीतून पाणी आत आलं. ठकीनं हातपाय, डोकं आत ओढून घेतलं आणि दार लावल्यासारखी गप्प झाली. आत्याबाईंना ओल्या जमिनीवर बसवेना, म्हणून त्या ठकीवर बसल्या. पाटाइतकी सोयीची नाही, पण पाटाखालून कुणी ऊबही देत नाही, असं त्यांचं मत पडलं.

सुभेदार फटीशी जाऊन बसला. का, ते त्यालाच ठाऊक. पण पाणी आता त्याच्या अंगावर यायचं आणि अर्धं तिथंच जिरायचं. ओल्या बोकडाचा वास गुहाभर झाला. त्या दिवशी कुणी त्याला नावं ठेवली नाहीत.

"बाबा काय करत असतील?" बकूनं विचारलं.

"पुढं बसले असतील," तानुबाई म्हणाली. तिला काळजी लागली होती, पण ती तिनं दाखवली नाही. रागही आला होता. काळजी आणि राग एकदम आले की कुठलं आधी करावं हे तिला लग्न झाल्यापासून कळलं नव्हतं.

आणि मग वादळ थांबलं.

हळूहळू नाही, एकदम थांबलं. पान हलेना. ऊन पडलं. तानुबाईनं फटीतून पाहिलं तर वर आभाळाचा एक गोल, निळा, स्वच्छ तुकडा, आणि चहूबाजूंनी काळी भिंत.

तेवढ्यात रावजी आला. भिजला होता, पण चेहरा उजळला होता.

"चला सगळे माळावर," तो म्हणाला. "महाराजांनी वादळ थांबवलं."

"कसं थांबवलं?"

"डरकाळी फोडली. आम्ही सगळ्यांनी ऐकली. आणि थोड्या वेळानं थांबलंच की. निवाऱ्याचं छप्पर तेवढं उडालं, पण प्रधानजी म्हणाले, महाराजांना आभाळ दिसावं म्हणून ते मुद्दाम मोकळं केलं. आता सत्कार आहे. मी सत्कार समितीत आहे."

तानुबाईला खरं सांगायचं तर जावंसं वाटत होतं. गुहेत चिखल झाला होता, अंग आखडलं होतं, शेजारणी भेटल्या असत्या. वादळ परत फिरेल असं काही तिच्या मनात आलं नाही, आणि आलं होतं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल.

तिनं धोंडा थोडा सरकवला. "चल रे सुभेदार."

सुभेदार उठला नाही.

तानुबाईनं ओढलं. आत्याबाईंनी मागून ढकललं. बकूनं कानात काहीतरी सांगितलं. रावजीनं शिंगं धरून पाहिली. बोकड वाटेतच बसला होता आणि त्याला ओलांडून जाण्याइतकी जागा नव्हती.

"या जनावरापायी आपली समाजात शोभा होते," रावजी म्हणाला. "बसा इथंच. माझं भाषण आहे." आणि तो एकटाच गेला.

माळावर सत्कार सुरू झाला. हाराला फुलं कुठून मिळणार, म्हणून मोडलेल्या फांद्यांचाच हार केला होता. प्रधानजींनी प्रास्ताविक केलं. मग रावजी उठला. "आज आपण सगळे जे उभे आहोत," असं म्हणून त्यानं सुरुवात केली, आणि वाक्य संपायच्या आत कुणीच उभं राहिलं नाही.

वारा या वेळी उलट्या बाजूनं आला. मघाशी समुद्राकडून येत होता, आता डोंगराकडून आला. जी झाडं आधीच्या वाऱ्यात वाकून वाचली होती, ती आता दुसरीकडं मोडली. सत्कार समिती जिकडं वाट फुटेल तिकडं पळाली. महाराज सगळ्यांत पुढं होते.

रावजी घराकडं धावला. गुहा दिसायला लागली तोच पायाखालची माती सरकली आणि तो ओढ्याच्या काठावरून घसरला. एका मुळाला कसाबसा लोंबकळत राहिला.

"बाबा," बकू ओरडली. तिला फटीतून तो दिसला होता.

तानुबाईनं दुसरा विचार केला नाही. सुभेदाराच्या गळ्यातल्या दोरीचं मोकळं टोक घेतलं, कमरेला गुंडाळलं, धोंडा अजून थोडा रेटला आणि बाहेर सरपटत गेली. वाऱ्यानं तिला आडवं पाडलं. ती तशीच पुढं सरकली. रावजीच्या मनगटाला तिचा पंजा लागला आणि तिनं तो धरला.

मग ती पण घसरायला लागली.

दोरी ताणली. आत सुभेदाराला हिसका बसला. त्याला कुणीतरी ओढतंय एवढंच त्याला कळलं. आणि कुणी ओढलं की सुभेदार काय करायचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यानं शिंगं धोंड्यामागं अडकवली, चारी खूर चिखलात रोवले आणि हलायला साफ नकार दिला. आत्याबाई त्याच्या कमरेला मिठी मारून बसल्या. बकूनं दोरी धरली. त्या दोरीला धरून तानुबाई वीत वीत मागं आली, आणि तिच्यामागून रावजी आला.

दोघं आत आली. रावजीच्या गळ्यात फांद्यांच्या हाराचा एक तुकडा अडकला होता. सुभेदारानं तो खाल्ला.

"मला वाटलं तुम्ही गेलात," तानुबाई म्हणाली.

"मला पण तेच वाटलं," रावजी म्हणाला. आणि तो बोकडाला टेकून, त्याच्या ओल्या केसांत तोंड घालून रडला. तानुबाईनं दुसरीकडं पाहिलं. नवरा रडताना त्याच्याकडं बघायचं नसतं, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला ते आपोआप कळलं.

दुसऱ्या दिवशी वादळ खरंच गेलं. गोष्ट इथं संपली असती तर सगळ्यांनाच बरं झालं असतं. पण रावजीला बोलायची सवय होती.

दरबार भरला तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं, की आमच्या बोकडानं आम्हाला वाचवलं. मनापासून सांगितलं. थोडं वाढवूनही सांगितलं. महाराजांनी लगेच तज्ज्ञांची समिती नेमली. समितीनं जंगलभर पाहणी केली आणि अहवाल दिला, की ज्या गुहेत बोकड होता ती वाचली, ज्या निवाऱ्यात नव्हता तो कोसळला. सबब, बोकडानं वादळापासून संरक्षण होतं. झावळ्यांबद्दल अहवालात काही नव्हतं.

संध्याकाळी प्रधानजी शिपाई घेऊन गुहेशी आले. "महाराजांना बोकड हवाय."

"कशासाठी?" तानुबाईनं विचारलं.

"संरक्षणासाठी."

"कुणाच्या?"

प्रधानजी हसले. तानुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"मी फक्त कौतुक केलं," रावजी खालच्या आवाजात म्हणाला.

शिपाई पुढं झाले. ओढलं, ढकललं, उचलायचा प्रयत्न केला. सुभेदार बसून राहिला. एका शिपायाची टोपी त्यानं खाल्ली. शेवटी प्रधानजींनी तोडगा काढला. बोकड महाराजांकडं येत नसेल, तर महाराज बोकडाकडं येतील. गुहा सरकारजमा.

महाराज आले. वाजंत्री आली. जंगलातले सगळे पुढारी वाकून उभे राहिले. अस्वलांना सामान उचलायला सांगितलं. सामान फार नव्हतंच. बकू ठकीला काखेत घेऊन सुभेदाराजवळ गेली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि निघाली.

ती ओढ्यापर्यंत गेली आणि सुभेदार उठला. कुणी ओढलं नव्हतं, म्हणून उठला. अंग झटकलं आणि रमतगमत तिच्यामागं चालू लागला. सगळे दरबारी इतके खाली वाकले होते, की त्यांच्या नाकासमोरून बोकडाचे चार पाय गेले तरी ते कुणाचे हे बघायला कुणी मान वर केली नाही.

त्याच संध्याकाळी अस्वलं ओढ्यापलीकडं गेली. तिथं एका मोठ्या झाडाच्या ढोलीत आजही राहतात. दाटीवाटी होते, वास येतो. रावजी आता कमी बोलतो. निदान प्रयत्न करतो.

इकडं महाराजांनी विचारलं, "बोकड कुठं आहे?"

बोकड हरवला असं महाराजांना सांगणं शक्य नव्हतं. मग प्रधानजींनी गवताची दाढी लावली, लाकडाची शिंगं बांधली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. दरबारानं बोकडाला नमस्कार केला. महाराज निर्धास्त झोपले.

असे बरेच दिवस गेले. वादळ काही आलं नाही. पण वादळात शिकार सगळी पांगली होती, आणि महाराजांना भूक लागली.

"महाराज, मी कोल्हा आहे," प्रधानजी हळूच म्हणाले.

"छे," महाराज म्हणाले. "अहवालात बोकड लिहिलंय."

तात्पर्य: संकटात शहाणे तरतात, असं तुम्हाला मोठी माणसं सांगतील. ऐकून घ्या. खरं म्हणजे ज्यांच्या घरी ऐन वेळी न हलणारा बोकड असतो, ते तरतात. तुमच्या घरी तसा असेल तर त्याला वेळेवर खायला घाला, आणि तो आहे हे बाहेर कुणाला कळू देऊ नका.