कुंट्यांचा बँडसॉ नवसाला पावतो

सोजराबाईंचा उजवा गुडघा.

एक डबा रेड लेड आणि दोन बाटल्या जवसाचं तेल.

ओतीव लोखंड, विलायती, वजन अकरा मण.

एक तांबडी कोंबडी, पायाला सुतळी.

बावीस नारळ.

या सगळ्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. तो हरिहर कुंट्याने जोडला, आणि तोही पूर्ण आत्मविश्वासाने!

हरिहर पिंपरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा पार्ट ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, हे त्याचं काम. त्याच्या खात्यात एक म्हातारा बँडसॉ होता. एकावर एक दोन मोठी चाकं, त्यांच्यावरून फिरणारी, लाकूड कापणारी दातेरी पट्टी आणि हे सगळं पेलणारी हंसासारखी बाकदार मान. १९७४ साली नवं मशीन आलं आणि म्हाताऱ्याला भंगारात काढलं. हरिहरने त्याच्याकडे जसं टक लावून पाहिलं, तसं त्याने मुलगी बघायला गेल्यावर शैलाकडेसुद्धा पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी पिंपरीजवळच्या तळवड्यात, दौलतरावांकडून भाड्याने घेतलेल्या घरासमोर ट्रक उभा राहिला. सहा माणसांनी म्हाताऱ्याला अंगणात उतरवलं, शेवग्याच्या झाडाखाली.

"अहो, हे काय आणलंत?" शैला दारात आली.

"बँडसॉ!"

"मी मिक्सर म्हटलं होतं."

"शैला, ही मान बघ! असं ओतकाम आता कुणी करत नाही!"

"मान राहू दे. माझी कपडे वाळत घालायची दोरी कुठे गेली ते बघा!"

दोरी अकरा मणांखाली होती.

त्यावर हरिहरने छाती पुढे काढली आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं वाक्य उच्चारलं. "खंडेनवमीला सकाळी या मशीनवर सगळ्यांसमोर फळी कापून दाखवतो! नाही कापली, तर दसऱ्याला धोंडीबाला बोलाव!"

धोंडीबा म्हणजे भंगारवाला. शैलाने लगेच जाऊन त्याला दसऱ्याचं आमंत्रण देऊन टाकलं. बायको इतकी तत्पर असेल, असं हरिहरला वाटलं नव्हतं.

कामाची प्रगती पुढीलप्रमाणे:

ज्येष्ठ: गंज.

आषाढ: गंज.

श्रावण: गंजाखालचा गंज.

भाद्रपद: लोखंड!

कंपनीतून सुटला की हरिहर थेट अंगणात. वायर ब्रश, घासलेट, पॉलिश पेपर. बेअरिंगं लोणच्याच्या बरणीत घासलेटात मुरत पडली होती. एकदा शैलाने ती ताटात वाढलीही. रागाने की चुकून, हे विचारायची हरिहरची छाती झाली नाही. चाकं सुटी करून घरात, कॉटखाली ठेवली. अंगणात उरला तो नुसता सांगाडा: खाली रुंद बैठक, मध्ये पोट, वर पुढे झुकलेला गोल माथा.

सर्वपित्री अमावास्येला त्याने गंज धरू नये म्हणून अस्तराचा रंग लावायला घेतला. लोखंडाला अस्तर रेड लेडचंच, ते जवसाच्या तेलात खलून द्यायचं, हे फाउंड्रीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मात्र रेड लेड म्हणजे वाण्याकडे मिळतो तो शेंदूर, हे म्हणे हरिहरच्या डोक्यात आलं नाही. आणि तेलात खललेला शेंदूर फासलेली ओबडधोबड मूर्ती झाडाखाली बसली की आपल्याकडे तिला काय म्हणतात, हेही नाही! तो समाधानाने हात धुवायला आत गेला.

बाहेर आला तर दूध घालणाऱ्या सोजराबाई किटली बाजूला ठेवून जमिनीला डोकं टेकवत होत्या.

"आवं कुंटेभाऊ! तुमच्या अंगणात म्हसोबा परगटला की!"

"अहो, म्हसोबा नाही हो! हात लावू नका, ओलाय!"

"वलाच असणार! म्हंजी आत्ताच परगटलाय!"

त्यांनी भक्तिभावाने हात लावला. पंजा शेंदरी झाला. तो त्यांनी कपाळाला पुसला आणि उरलासुरला उजव्या गुडघ्यावर चोळला, कारण तो गुडघा सहा वर्षं करकरत होता.

दुसऱ्या दिवशी गुडघा करकरेना! हरिहरने जवसाच्या तेलाचे गुण समजावून सांगायचा प्रयत्न केला. सोजराबाई म्हणाल्या, "त्येल तर मी बी रोज लावती. म्हसोबाचं कुठं असतंय?"

घटस्थापनेला तीन नारळ फुटले. दुसऱ्या माळेला सात. तिसऱ्या माळेला हरिहर कामावरून आला तर बैठकीला एक तांबडी कोंबडी बांधलेली!

"अहो," शैला कुजबुजली, "ही नवसाची आहे म्हणे. आपल्या दारात कापायची म्हणतायत!"

कोंबडीचा जीव वाचवताना हरिहरची इतकी दमछाक झाली की त्या दिवशी मशीनला हात लागला नाही. चौथ्या माळेला तो पॉलिश पेपर घेऊन अस्तर घासायला बसला. त्यावर हिरवा रंग द्यायचा होता, झकास बाटलीहिरवा! पहिला हात मारला न मारला, तोच घरमालक दौलतराव फेट्याचा शेमला सावरत धावत आले.

"कुंटेभाऊ! शेंदूर उतरवताय व्हय?"

"दौलतराव, हे मशीन आहे. मी कंपनीतून आणलं. तुमच्यासमोर ट्रकमधून उतरवलं!"

"व्हय की. आमी बघितलंय."

"मग?"

"देव कशात बी बसून येतो. येऊ दे, आमची हरकत न्हाई. पर आला की मग उठवायचा न्हाई."

हिरवा रंग डब्यातच राहिला. हरिहरने मग पवित्रा बदलला. रंग नाही तर नाही, पण चाकं, टेबल, पट्टी, मोटर सगळं बसवायचं आणि गावासमोर फळी कापायची. देव फळ्या कापत नाही, एवढं तर लोकांना पटेल! सातव्या माळेला त्याने दोन्ही चाकं चढवली. सोजराबाईंनी गावभर सांगितलं, "देवानं चक्रं धारण केली!" संध्याकाळी नारळ अकरा.

घरात नारळाची चटणी, नारळाची बर्फी, नारळीभात, सोलकढी. "ताकातसुद्धा नारळ घालशील!" हरिहर ओरडला. शैलाने शांतपणे वाटी पुढे केली. घातला होता.

खंडेनवमी उजाडली. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. शेंदरी म्हाताऱ्याच्या गळ्यात झेंडूची माळ, टेबलावर सागाची फळी, मोटरमधून निघालेली जाड वायर खिडकीतून घरात गेलेली. हरिहर धुतलेला शर्ट घालून खिडकीजवळच्या स्विचपाशी उभा राहिला. शैला हाताची घडी घालून दारात. तिच्या डोळ्यांत त्याला धोंडीबाची हातगाडी स्पष्ट दिसत होती.

"मंडळी!" हरिहर म्हणाला. "हे मशीन आहे! लाकूड कापायचं मशीन! आत्ता चालवून दाखवतो!"

गर्दीत कुजबुज झाली. दौलतराव पुढे आले.

"नक्की मशीनच हाय?"

"शंभर टक्के!"

"देव न्हाई?"

"अजिबात नाही!"

"हत्यारच हाय म्हणता?"

"हो, हत्यार! लिहून देतो!"

"मग आज खंडेनवमी," दौलतराव म्हणाले. "आज हत्याराची पूजा. आज हत्यार चालवता व्हय? आमी नांगराला हात लावत न्हाई, न्हावी वस्तऱ्याला लावत न्हाई. आन् तुमी शिकलेली मानसं!"

हरिहरचा हात स्विचपासून दोन बोटांवर थांबला.

"आणि देव असेल तर?" त्याने हळूच विचारलं.

"मग तर कुठल्याच दिवशी चालवायचा न्हाई."

हरिहरने शैलाकडे पाहिलं. शैलाने दौलतरावांकडे पाहिलं. मग तिने पदर खोचला, हळदकुंकवाची कोयरी आणली आणि म्हाताऱ्याच्या मानेवर दोन बोटं ओढली. "उद्या बघू," ती म्हणाली.

उद्या दसरा. ठरल्याप्रमाणे धोंडीबा हातगाडी घेऊन हजर! शैलाने बोटाने दाखवलं. धोंडीबाने शेंदूर पाहिला, माळ पाहिली, चक्रं पाहिली. चपला काढल्या.

"वहिनी, हे उचलायला सांगताय?"

"हो."

"मला चार लेकरं हायेत, वहिनी!"

त्याने हातगाडीतून नारळ काढला, फोडला, अर्धा शैलाच्या हातात ठेवला आणि रिकामी गाडी ढकलत निघून गेला. शैलाने तो अर्धा नारळ म्हाताऱ्याच्या टेबलावर ठेवला.

"दोरी माडीच्या कठड्याला बांधून द्या," ती म्हणाली. "आणि मला मिक्सर. या महिन्यात."

"या महिन्यात!" हरिहर म्हणाला, इतक्या चटकन, की तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

म्हातारा राहिला. रोज सांजवेळी हरिहर त्याच्या बेअरिंगांना तेल घाली आणि वरचं चाक एका बोटाने ढकली. ते चार मिनिटं आवाज न करता फिरे. येणारेजाणारे हात जोडत आणि त्याला पुजारीकाका म्हणत.

मोटर चालायला लागणारी थ्री फेजची लाइन तळवड्यात संक्रांतीनंतर येणार, हे वायरमनने हरिहरला अमावास्येच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. खिडकीतून आत गेलेली वायर कॉटखाली संपत होती.