बोरस्तेबाईंची नवी

बोरस्तेबाईंच्या घरात शिरण्याआधी हात पुढे करावा लागतो. नमस्काराला नव्हे, हुंगायला. त्या दाराची साखळी न काढता फटीतून नाक पुढे करतात, आपला तळवा हुंगतात, मनगट हुंगतात आणि निकाल देतात, "लसूण चालेल, देवरे. साबण कुठला हा? नुसत्या पाण्याने धुऊन या." मी आजवर चार वेळा माझ्याच घरी हात धुवायला परत गेलोय आणि चारही वेळा मनातल्या मनात या बाईला शिव्या घातल्यात.

नाशिकच्या इंदिरानगरात आमची दारं समोरासमोर आहेत. बाई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर म्हणून निवृत्त झाल्या, आवाज मात्र अजून नोकरीवरच आहे. पार्किंग, घंटागाडी, लिफ्ट, कशावरही भडकतात. एरवी बोलणं अगदी छापील. राग चढला की भाषा थेट माहेरी, निफाडला जाते. "लय शेफारलेत समदे!" असं जिन्यात ऐकू आलं की आम्ही टीव्हीचा आवाज कमी करतो.

हा हुंगण्याचा सगळा खटाटोप शुगर ग्लायडरांसाठी. हा खारीएवढा, बटबटीत डोळ्यांचा प्राणी. पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडी असते, ती ताणून कपाटावरून थेट बाईंच्या अंबाड्यावर तरंगत येतो. दिवसभर कापडी पिशवीत झोपतो, दिवेलागणीला उठतो. बाईंकडे तीन आहेत: बबन, शकू आणि लता. भाचा परदेशी जाताना दोन महिन्यांसाठी म्हणून ठेवून गेला, त्याला चार वर्षं झाली. निफाडहून भावाने द्राक्षांची पेटी पाठवली तर बाईंनी ती तशीच परत धाडली. "फवारणीचं द्राक्ष माझ्या पोरांना? आधी स्वतः खा म्हणावं!" भाऊ महिनाभर बोलत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या एका जोडप्याची हौस फिटली आणि त्यांनी त्यांची एकुलती एक मादी पिंजऱ्यासकट बाईंच्या दारात आणून ठेवली. हा प्राणी कळपात राहणारा. एकटा पडला की खाणं टाकतो, स्वतःचेच केस उपटतो. हिची शेपटी पार उघडी पडली होती. बाई त्या जोडप्यावर अशा कडाडल्या की वॉचमन धावत वर आला. "एकटीला ठेवली? दोन वर्षं? तुम्हाला कोंडू का असं, हां?" बाईंचा राग मला पहिल्यांदाच रास्त वाटला. अर्थात मी दाराआडूनच ऐकत होतो.

बाई तिला 'नवी' म्हणू लागल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कळपाने घेतली तर जगेल, नाही तर कठीण आहे. आणि कळपात अशी सरळ सोडताही येत नाही. अनोळखी वास आला की जुने चावून जीव घेतात. म्हणून आधी महिनाभर वेगळी खोली. मग पिशव्यांची अदलाबदल: नवी ज्या पिशवीत झोपली ती जुन्यांना, जुन्यांची नवीला, म्हणजे एकमेकांचा वास अंगवळणी पडतो. मग पिंजरे शेजारी शेजारी. भेट सगळ्यात शेवटी. "वसतिगृहात नवी मुलगी आली की आठ दिवस तिचं ताट माझ्या शेजारी असायचं," बाई म्हणायच्या. "एकदम टोळक्यात ढकलायचं नसतं."

पिशव्यांची अदलाबदल अकरा दिवस नीट चालली. बाराव्या दिवशी बाई पुतणीच्या साखरपुड्याला निफाडला गेल्या आणि किल्ली आमच्याकडे दिली. काम एवढंच होतं, दुपारी प्राणी उचलून ठेवायचे आणि पिशव्या बदलायच्या. माझी बायको सुनीता सोबत आली. तिने पिशवी नाकाशी नेली आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, मुताचा वास मारतोय नुसता! बाईंच्या वस्तू अशा घाण परत करायच्या?" आमच्याकडे शेजाऱ्यांचा डबा घासल्याशिवाय आणि रिकामा परत करत नाहीत. तिने दोन्ही पिशव्या गरम पाण्यात सुगंधी लिक्विड टाकून धुतल्या, उन्हात वाळवल्या, आणि जागच्या जागी अडकवताना आत चिमूटभर साखरही घातली. मी कौतुकाने बघत होतो.

दिवे लागले तसा मिक्सरमध्ये खडा अडकल्यासारखा आवाज बाईंच्या घरातून सुरू झाला. जाऊन पाहतो तर चौघंही आपापल्या पिंजऱ्यात पिशव्यांबाहेर, दात विचकत, आणि पिशव्यांना मुंग्या. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी पिशवी हुंगली. त्यानंतर त्या जे बोलल्या त्यातलं छापता येण्याजोगं इतकंच: "अकरा दिवस मातीत घातले तुम्ही! ती मरंल ना, देवरे! तुमच्या सोच्छतेपायी मरंल ती!" सुनीता रडली. मीही चिडून म्हणालो, "तुमचं तुम्ही बघा, आम्ही काय नोकर आहोत?" आणि दार आपटलं. दोन दिवसांत नवीने शेपटी सोडून पोटाचे केस उपटायला घेतले. ते कळल्यावर मी आपणहोऊन, साबण न लावता, हात पुढे करून त्यांच्या दारात उभा राहिलो.

पिशव्यांपासून सगळं पुन्हा झालं. तीन आठवड्यांनी भेट ठरली बाथरूममध्ये, कारण ती जागा चौघांपैकी कुणाचीच नव्हती. बाई पाटावर, मी उलट्या बादलीवर, दोघांच्या हातात टॉवेल. बबन सुटला तो सरळ नवीच्या मानेवर. ती किंचाळली, बाई तिच्याहून मोठ्याने. "बबन्या, मेल्या, तुझी खोली बदलीन!" मी टॉवेल टाकला तो बाईंच्या हातावर पडला आणि त्याचीही बोलणी खाल्ली. पाच दिवस रोज हेच. सहाव्या दिवशी शकू हळूच पुढे आली, नवीच्या उघड्या पोटाशी नाक नेलं आणि चाटू लागली. बबन बघत बसला. आठवड्याने चौघं एका पिशवीत शिरली, कुणाची शेपटी कुणाची ते कळेना. नवी सकाळी पोटभर जेवलेली होती.

त्या संध्याकाळी मी नवीचा रिकामा पिंजरा माळ्यावर ठेवायला गेलो. बाई खुर्चीत गप्प बसल्या होत्या, त्यामुळे मला जरा भीतीच वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मागे तुम्ही मुलाकडे पुण्याला कायमच्या गेला होतात ना? तीन आठवड्यांत परत आलात."

"त्यांचं काही चुकलं नाही हो," बाई म्हणाल्या. "सून चांगली आहे, नातवंडं गोड आहेत. पण त्यांचं घर लागलेलं, त्यांच्या वेळा लागलेल्या. आणि मी एका सकाळी बॅगा घेऊन थेट आत. ती सगळी दचकली, मीही दचकले. मग मी ओरडायला लागले." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "दुसरं येतं काय मला?"

मला स्वतःचाच राग आला. दर गणपतीत आम्ही त्यांना बोलवायचो, ते घरात तीस माणसं असताना. त्या उंबऱ्यातूनच प्रसाद घेऊन परतायच्या, आणि दार लावल्यावर आम्ही म्हणायचो, बाई माणूसघाणी आहे.

"बाई, चहाला चला," मी म्हणालो. "घरी सुनीता एकटीच आहे. कुणी येणार नाही."

"इतकी वर्षं समोर राहताय आन् आज सुचलं व्हय?" बाई केवढ्यांदा तरी ओरडल्या, आणि चपला शोधू लागल्या.