भोंगा शांत झाला त्याची गोष्ट

आजपासून भोंग्याचा आवाज कुणाला ऐकू येणार नव्हता! तशी घोषणा त्यानं सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून केली होती, आणि ती वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली होती.

भोंगा म्हणजे शववाहिनीचा चालक. मागे कुणीतरी कायमचं झोपलेलं, आणि पुढे हा खिडकीतून डोकं काढून रस्त्यावरच्या प्रत्येकाचा उद्धार करणार. मागच्या आठवड्यात पुढे हळूहळू चाललेल्या एका गाडीला त्यानं विचारलं, "मेलात की काय?" गाडीत मृताचेच नातेवाईक होते! मालकानं शेवटची ताकीद दिली, "आणखी एक तक्रार आली, की किल्ली टेबलावर." ह्या वयात दुसरी किल्ली कोण देणार? गाडी चालवण्यापलीकडे त्याला दुसरं काही येतही नव्हतं. त्याची झोपच उडाली.

शेवटी मुलीनं त्याला ध्यानाला बसवलं. "बाबा, डोळे मिटायचे आणि श्वास बघायचा. विचार म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या समजा. येतील, जातील. आपण मध्ये पडायचं नाही."

"आणि हॉर्न?"

"हॉर्न तर मुळीच नाही!"

सुरुवातीला तो बसल्या बसल्या नुसता घोरला. पण एका सकाळी त्याला खरंच हलकं वाटलं. जे चटईवर जमतं ते स्टिअरिंगवर का जमू नये, असं त्याच्या मनात आलं, आणि तिथेच घात झाला.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या शिंप्याला न्यायचं होतं. शिंप्याचा धाकटा भाऊ भोंग्याशेजारी बसला. मुलगा आणि बाकीचे टपावर फुलं बांधलेल्या पांढऱ्या गाडीत बसले. "आमच्या मागोमाग या," मुलगा म्हणाला.

भोंगा मागोमाग निघाला. मध्ये एक स्कूटर घुसली. जाऊ दे. दुधाची गाडी घुसली. जाऊ दे. एक आजोबा काठी टेकत निम्मा रस्ता ओलांडून आले आणि विचार बदलून परत गेले. जाऊ दे!

"अहो, आपली गाडी दिसत नाही," भाऊ म्हणाला.

"दिसेल. श्वास घ्या."

भावानं खोल श्वास घेतला आणि त्याला रडूच फुटलं. दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव वर, यावरून दोघांनी अनेक वर्षं अबोला धरला होता. आता तो मागच्या जाळीला तोंड लावून म्हणाला, "दादा, तुझंच नाव वर राहू दे रे. मी उगाच हट्ट केला." भोंग्याचेही डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांना पुढे फुलं बांधलेली पांढरी गाडी दिसली, आणि तो तिच्यामागे लागला.

ती गाडी थांबली हृदयरोगाच्या नव्या दवाखान्यापाशी! उद्घाटन होतं. दारात फीत बांधलेली, आणि मोठे डॉक्टर हातात कात्री घेऊन हसत उभे. शववाहिनी नेमकी फितीपुढे येऊन थांबली.

"हे काय?" डॉक्टर किंचाळले. "आम्ही अजून सुरूसुद्धा केलेलं नाही!"

तिथून स्मशानात पोचेपर्यंत शिंप्याचा दहनाचा नंबर दुसऱ्यांना गेला होता. मुलगा अंगावर धावून आला. "माझ्या वडिलांना कुठे फिरवत होतात? आत्ता तक्रार करतो!" गाडीच्या मागे मालकाचा फोन नंबर रंगवलेला होताच. मुलानं तो लावलाही. तेवढ्यात काकानं पुतण्याच्या हातातला फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"तक्रार नाही हो! तुमचा चालक म्हणजे देवमाणूस. सबंध रस्ताभर हॉर्न नाही, शिवी नाही. मला दादाशी निवांत बोलता आलं."



"हॉर्न नाही? शिवी नाही?" मालक ओरडला. "अहो, मग तो आमचा चालक नाही! धरा त्याला! गाडी चोरलीय त्यानं!"

दोघा नातेवाइकांनी भोंग्याचे दंड धरले, मुलानं कॉलर धरली.

"साहेब, मीच आहे," भोंगा हळूच म्हणाला.

"ऐका, किती गोड बोलतोय! चोरच आहे!"

श्वास बघ, श्वास बघ, असं भोंगा स्वतःला बजावत होता. पण कॉलर इतकी आवळली होती, की बघायला श्वासच येईना! मग मात्र त्याचा बांध फुटला.

"अरे ए बिनडोक्यांनो! हात काढा! तुमच्या सात पिढ्या ह्याच गाडीतून पोचवीन!"

झाडांवरची पाखरं उडाली.

"हां, हाच आमचा," मालक फोनवर म्हणाला. "सोडा त्याला."

सोडलं. भोंग्यानं कॉलर नीट केली आणि वळून पाहिलं. शिंप्याचा नंबर ज्यांना मिळाला होता, ती माणसं पलीकडे मान खाली घालून उभी होती. त्यांच्यातली एक लहान मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून रडत होती. भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीची आई गाडीच्या मागे आली, रंगवलेला नंबर वाचला आणि शांतपणे फोन लावला.

संध्याकाळी किल्ली टेबलावर गेली.

घरी मुलीनं दार उघडलं. "बाबा, आज ध्यानाला वेळ मिळाला का?"

"आज नाही मिळाला," भोंगा म्हणाला. "उद्यापासून दिवसभर आहे."