मडक्यातले पुरावे

"अहो, डाळिंब कुणी खाल्लं?"

शैला टेंभुर्णेने मागच्या अंगणातून विचारलं, तेव्हा धम्मपाल मागच्या दारात रविवारचं ऊन खात आरामात मोजे चढवत होता. एक पाय मोज्यात अर्धाच राहिला.

"कुठलं डाळिंब?"

"तेच विचारतेय. मडक्यात सालं आहेत. आपल्याकडे दिवाळीनंतर डाळिंब आलेलं नाही."

"पेरूची असतील."

"धम्मपाल, मी सोळा वर्षं लॅबमध्ये नमुने बघते." रागावली की शैला त्याला नावाने हाक मारायची. "पेरूची सालं उरत नाहीत. तुम्ही पेरू सालासकट खाता."

धम्मपालने मोजा वर ओढला आणि पेपरात डोकं घातलं. शैलाने त्याची नोंद घेतली. पेपर कालचा होता.

आर. के. पुरममधल्या त्यांच्या तळमजल्याच्या सरकारी क्वार्टरमागे चार पावलांचं अंगण होतं. ऑक्टोबरात हवा इतकी बिघडली की समोरची पाण्याची टाकी दिसेनाशी झाली, तेव्हा शैलाने जाहीर केलं होतं, "दिल्लीच्या हवेचं आपण काही करू शकत नाही. निदान आपल्या कचऱ्याचं तरी करू." त्या दिवसापासून भाजी धुतलेलं पाणी मेथीच्या क्रेटला जाऊ लागलं, भांडी-कपडे रिठ्याने धुतले जाऊ लागले आणि अंगणात एकावर एक तीन मडकी उभी राहिली. खालच्या मडक्यात खत तयार व्हायचं, वरच्यात ओला कचरा पडायचा. नियम एकच होता. ज्याने खाल्लं, त्याने साल मडक्यात टाकायची. बाहेर खाल्लं तर साल घरी आणायची. तेरा वर्षांची लुंबिनी शाळेतून केळ्याची साल डब्यात घालून आणायची आणि त्या डब्याचा वास दोन दिवस जात नसे.

शैला सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. माणूस काय सांगतो यापेक्षा बाटलीत काय आलंय यावर तिचा जास्त विश्वास. दर रविवारी ती मडकं ढवळायची आणि ढवळता ढवळता आठवड्याभराचा आहार तपासून व्हायचा.

पुढच्या रविवारी मडक्यात चहाचा चोथा निघाला. चोथ्यात वेलदोड्याची टरफलं आणि किसलेलं आलं.

"लुंबिनी, इकडे ये. पप्पांना ॲसिडिटी आहे. आपल्याकडे चहात वेलदोडा घालत नाहीत. हा चहा कुणाचा?"

"मला काय माहीत यार, मम्मी. बाहेरून कोणी टाकून जात असेल."

"कोण?"

"मांजर."

"मांजर वेलदोडा घालून चहा करतं?"

लुंबिनी "अच्छा, मेरा होमवर्क है" म्हणत आत पळाली. मुलगी अडचणीत आली की पूर्ण हिंदीत शिरते, हे शैलाला माहीत होतं.

तरीही तिने मनाला समजावलं. ऑफिसात कुणी चहा पाजला असेल, धम्मपालने चोथासुद्धा नियमाप्रमाणे घरी आणला असेल. पण तिसऱ्या रविवारी जे सापडलं, त्यावर कसलीच समजूत चालेना. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या शेपूच्या काड्या. चांगल्या दीड जुडीच्या.

शैला मडक्यापाशीच खाली बसली. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात तिने शेपू केला होता, तेव्हा धम्मपालने दंड खाजवत सांगितलं होतं की मला शेपूने पुरळ येतं. तेव्हापासून या घरात शेपू आला नव्हता. शैलाला शेपू मनापासून आवडायचा. हिवाळ्यात भाजीवाला शेपूच्या जुड्या घेऊन "सोया ले लो, ताज़ा सोया" ओरडायचा आणि ती नवऱ्याच्या पुरळाखातर दार लावून घ्यायची.

म्हणजे कुणीतरी होती. वेलदोड्याचा चहा करणारी, डाळिंब सोलून देणारी, आणि जिच्या हातच्या शेपूने पुरळ येत नाही अशी.

तिने दोन दिवस काही दाखवलं नाही. नमुना हलवला तर बिघडतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त धम्मपालचे शर्ट हुंगले. शर्टांना रिठ्याशिवाय कसलाही वास नव्हता, आणि त्यामुळेच तिचा संशय वाढला. मग तिने शनिवारचा विचार केला. शनिवारी धम्मपालला मंत्रालयात सुट्टी, शैलाला मात्र दवाखाना. त्या दिवशी तो लुंबिनीला गणिताच्या ट्यूशनला सोडायचा आणि दोघं दीड वाजता घरी यायची. शैलाने ट्यूशनच्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, लुंबिनी की क्लास एक बजे छूटती है ना?"

"नहीं जी, वो तो जनवरी से सुबह वाले बैच में है। ग्यारह बजे छूट जाती है।"

शैलाने फोन ठेवला आणि अकरा ते एक असे दोन तास बोटांवर मोजले. म्हणजे लेकही सामील.

शनिवारी तिने अर्धी रजा टाकली. ट्यूशनच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो उभी करून ती आत दबा धरून बसली. अकराला धम्मपालची स्कूटर आली. लुंबिनी उडी मारून मागे बसली. हँडलला शैलाने स्वतः शिवलेली कापडी पिशवी लटकत होती आणि पिशवीतून शेपूची हिरवीगार शेंडी बाहेर डोलत होती.

"भैया, उस स्कूटर के पीछे चलो. ज़रा दूर से."

ऑटोवाल्याने आरशात पाहिलं. "पति है?"

"अब तक तो है."

स्कूटर पलीकडच्या सेक्टरमधल्या एका जुन्या ब्लॉकपाशी थांबली. शैला दुधाच्या बूथमागे उभी राहिली. लुंबिनी पायऱ्या दोन-दोन चढत वर गेली, स्वतःचंच घर असल्यासारखी. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला फुलाफुलांचा गुलाबी पडदा होता. एकटा पुरुष असला पडदा लावत नाही, एवढं कळायला लॅब लागत नव्हती.

तिने पंधरा मिनिटं मोजली. मग ती वर गेली आणि बेल दाबली.

दार उघडलं एका पंचविशीतल्या मुलाने. त्याचे डोळे लाल होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"तुम्ही रडताय का?" ठरवून आणलेलं वाक्य शैला विसरलीच.

"कांदा, मॅडम." त्याने सुरी दाखवली. मग तिला ओळखून तो एक पाऊल मागे सरकला. "सर! मॅडम आल्यात!"

हा विनय. धम्मपालच्या सेक्शनमधला नवा क्लार्क, परभणीचा. ऑफिसच्या कार्यक्रमात तिने त्याला एकदा पाहिलं होतं. त्याला ओलांडून शैला थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे कुणी बाई नव्हती. गॅससमोर धम्मपाल उभा होता, कमरेला टॉवेल खोचून. एका हाताने कढई धरून दुसऱ्या हाताने तो लसणाच्या फोडणीत शेपू परतत होता. बाजूला मुगाची डाळ भिजवून निथळत ठेवलेली. ओट्यावर बसून लुंबिनी डाळिंब सोलत होती.

फक्त कढई चरचरत होती.

"तुम्हाला स्वयंपाक येतो?" शैलाने विचारलं. दुसऱ्या बाईची तिने तयारी केली होती. याची नव्हती. सोळा वर्षांत या माणसाने तिला एकदाही कूकरची शिटी मोजून दिली नव्हती. ती तापाने फणफणलेली असतानाही, मला यातलं काही कळत नाही म्हणून तो खिचडी बाहेरून घेऊन आला होता.

"थोडा थोडा," धम्मपाल म्हणाला. "शैला, आधी ऐकून घे. डाळ टाकू का? फोडणी करपेल."

"टाका."

त्याने डाळ टाकली, झाकण ठेवलं आणि झाकणाकडे बघतच बोलू लागला. "डिसेंबरात मटारच्या सालांची भाजी झाली. मग केळ्याच्या सालांची कोशिंबीर. मग फ्लॉवरच्या दांड्याचं भरीत. मी काही म्हणालो? नाही म्हणालो. पण लुंबिनीने डबा तसाच भरलेला परत आणायला सुरुवात केली. विनयकडे गॅस नुसता पडून होता, म्हणून..."

"घरी करायचं होतं."

"घरी केलं असतं तर सालं तुझ्या हाती लागली असती. संध्याकाळी ताटात आली असती."

"आणि मडक्यात का टाकलीत मग? बाहेर फेकायची होती!"

धम्मपालला हे लागलं. त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे काय? नियम आहे ना आपला? ज्याने खाल्लं, त्याने साल आणायची. विनयच्या चहाचा चोथासुद्धा मी सोडला नाही."

"बिल्कुल, मॅडम," विनय दारातून म्हणाला. "सर माझ्याकडे काहीच राहू देत नाहीत."

"आणि तो पडदा?"

"पानिपतहून आणला. दोनावर एक फ्री होता," विनय म्हणाला.

शैला खुर्चीवर बसली. तिला ओरडायचं होतं, पण खोलीभर शेपूचा वास पसरला होता आणि सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. विनयने न विचारता ताट वाढलं. भाकरी जरा जाड होती. पण शेपूत लसूण भरपूर होता, डाळ मोकळी शिजली होती. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा धम्मपालचा जीव भांड्यात पडला.

"पुरळ?" तिने घास गिळून विचारलं.

"ते... तेव्हा तू काड्यांसकट केला होतास."

जेवण झाल्यावर काड्या आणि सालं पिशवीत भरून तिघं खाली आली. स्कूटर तिथेच ठेवून धम्मपालने ऑटो बोलावली. बायकोला एवढ्या गोष्टीनंतर स्कूटरवर बसवावं, असं त्याला वाटेना. ऑटोत शैला मध्ये बसली, पिशवी मांडीवर घेऊन. थोड्या वेळाने ती फार गोड आवाजात म्हणाली, "छान झाला होता हं शेपू. आणखी काय काय येतं तुम्हाला?"

धम्मपालने चमकून तिच्याकडे पाहिलं. सोळा वर्षांत त्याने हा आवाज ऐकला नव्हता.

"का?"

"सहजच."

"विशेष काही नाही," तो प्रत्येक शब्द तोलत म्हणाला. "शेपू. चहा. बास, एवढंच."

"झूठ मत बोलो ना, पप्पा!" लुंबिनी पलीकडून पुढे झुकली. "लास्ट सॅटरडेला पुरणपोळी केली होती की! मम्मी, इतकी मस्त झाली होती ना. पुरणपोळीला साल नसते ना, इसलिए तुला कळलंच नाही."