पाकीट न उघडणारे खरात

आमच्या कंपनीत इंटरनेट हळू झालं तरी कोणी तक्रार करत नाही. तक्रार केली की खरात येतात, आणि खरात आले की कोणाचं तरी बिंग फुटतं.

मिलिंद खरात आमच्या वाळूजच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळतात. हल्ली फोनमधून जे येतं-जातं ते सगळं कुलूपबंद असतं, मधल्या माणसाला वाचता येत नाही. खरातांना वाचायचंही नसतं. नुसत्या येण्याजाण्यावरून ते कोण काय चालवतंय हे सांगतात. "पाकीट उघडायचं नाय," हे त्यांचं पालुपद, "हातात तोलायचं. सिनेमा असंल तर एकाच बाजूनं धबाधबा येतो. मेसेज चिमूट चिमूट. अन् समोरासमोर बोलणं असंल तर दोन्हीकडून सारखी धार."

एकदा ऐन सामन्याच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, मॅच कोण बघतंय? खरातांनी स्क्रीनवर नजर टाकली आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, धार तुमच्याच केबिनकडं चाललीय." त्या वर्षी खरातांची बढती हुकली.

बढतीचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते पठाणभाईंचं प्रकरण. स्टोअरमधल्या पठाणभाईंना त्यांनी मालिका बघताना चारचौघांत पकडलं, आणि निघालं काय, तर संगणकाचं अपडेट. दुसऱ्या दिवशी खरात नानखटाईचा पुडा घेऊन माफी मागायला गेले. "जाने दो भाई," पठाणभाई खात खात म्हणाले, "परसों सचमुच सीरियल देख रहा था, तब कुछ नहीं बोले." खरातांनी त्यानंतर आठवडाभर कोणाकडं बोट दाखवलं नाही.

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. खरात फाटकात उभे राहून भंगारवाल्याला हात जोडत होते, त्याचा भोंगा बंद करायला लावत होते. आत वहिनींनी कुकर उतरवून ठेवलेला.

"हळू बोला. रोहनची मुलाखत चालू हाये," खरात कुजबुजले.

रोहन त्यांचा मुलगा. पुण्यातली नोकरी गेल्यापासून चार महिने वरच्या खोलीत. 'तूच कुठं तरी कमी पडला असशील' असं खरात एकदा बोलून गेले, तेव्हापासून बापलेकाचा संवाद बंद.

"त्यानं सांगितलं मुलाखतीचं?"

"बोलतो कुठं तो." त्यांनी हातातला मोबाइल दाखवला. घरच्या वायफायच्या रेघा नाचत होत्या. "बरोबर अकराला चालू झालं. दोन्हीकडून सारखी धार, चित्रासकट. तिसरी खेप हाये. आधीच्या दोन्ही दहा मिनिटांत आटपल्या."

"मित्राशी गप्पा मारत असेल."

"मित्राशी बोलताना कॅमेरा बंद ठेवतो. दाढी करत नाय ना."

आम्ही पायरीवर बसलो. अर्धा तास झाला, पाऊण झाला. खरातांनी गल्लीतून दोन स्कूटरवाल्यांना हॉर्न वाजवू न देता पुढं काढलं. शेवटी रेघ खाली आली. खरातांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. थोड्या वेळानं दुसरी बारीक रेघ उठली.

"फोन लावला कुणाला तरी. नुसता आवाज हाये," ते म्हणाले. "झालं काम. वाईट बातमी तो कुणाला सांगत नाय."

त्यांचे डोळे भरून आले.

"मग जा की वर. पाठीवर हात ठेवा पोराच्या."

"अन् मला कसं कळलं म्हणू?" त्यांनी डोळे पुसले. "तो सांगंल तवा मला कळंल."

ते आत गेले, जिन्याकडं तोंड करून खुर्चीत बसले, मोबाइल पालथा ठेवला आणि पेपर उघडला. वहिनींनी काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मला काय माहीत?"

वर फोन चालूच होता. आपल्याला नोकरी लागल्याचं रोहन दुसऱ्याच कोणाला तरी सांगत होता, आणि खाली बाप काहीच माहीत नसल्याचा चेहरा करून वाट बघत होता. मला तिथं बसवेना. चहा न घेताच उठलो.