राणी गेल्याचं पत्र

दगडालाही रडू फुटेल असं नाटक आपण मराठीत आणलंय, असं अमरावतीचे शेषराव मास्तर भेटेल त्याला सांगत. मूळ नाटक इंग्रजी, फार जुनं. त्यातली राणी विष पिऊन मरते. शाळेच्या मुलांसाठी मास्तरांनी खाली टिपा जोडून ते छापून घेतलं आणि पहिली प्रत अकोल्याला मेव्हण्याकडे धाडली. पुढच्या आवृत्तीत छापायला अभिप्राय हवा होता. मेव्हणे उत्तमराव कापसाचे व्यापारी. त्यांचं उत्तर आलं ते चार ओळींचं.

मास्तर तेव्हा शाळेत होते. त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईंना, वाचता येत नव्हतं. शेजारच्या भगवंतरावांनी वाचून दाखवलं. राणी गेली, घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही, माणिकबाईचे डोळे सुजले, असा मजकूर. माणिकबाई म्हणजे दुर्गाबाईंची भावजय. आणि तिच्या सहा वर्षांच्या वच्छलेला घरात सगळे लाडानं राणीच म्हणत. दुर्गाबाईंनी जमिनीवर अंग टाकलं. मयताचं पत्र घरात ठेवू नये, म्हणून भगवंतरावांनी ते तिथल्या तिथे फाडलं. मास्तर घरी आले तेव्हा त्यांच्या हाती लागली ती नुसती बातमी.

कापसाला असा भाव आलेला की माणसांसाठी गाडी कोण देणार? शेवटी नत्थुजी गाडीवानानं दोघांना कापसाच्या बोंद्र्यांवर, म्हणजे मोठाल्या पोत्यांवर, बसवून नेलं. तीन दिवस दुर्गाबाई रडत होत्या, आणि समजूत घालता घालता मास्तरही.

अकोल्यात दारातच दुर्गाबाईंनी हंबरडा फोडला. केसांत कापूस, घसा बसलेला. अमरावतीलाच कोणी गेलं असं समजून माणिकबाईंनी त्यांच्या गळ्यात पडून दुप्पट सूर लावला. कोण गेलं, हे कोणी कोणाला विचारेना. तेवढ्यात पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन वच्छला बाहेर आली.

दुर्गाबाईंनी तिला असं कवटाळलं, की पाणी सगळं मास्तरांच्या धोतरावर.

उत्तमराव ओशाळले. "भाऊजी, मी नाटकातली राणी लिवली होती. तुमीच तं अभिप्राय मांगतला."

संध्याकाळी मास्तरांनी बायकोला समोर बसवून नाटक पहिल्यापासून वाचलं. राणीनं विष घेतलं तिथे त्यांचाच आवाज कापला. दुर्गाबाई झोपलेल्या वच्छलेला थोपटत होत्या.

"तुले रडू नाही आलं?"

"मेली तं मेली," त्या म्हणाल्या. "आपली पोरगी तं हाये ना. हळू वाचा, उठंन ते."

पुढे राजाचा साडेतीन पानांचा विलाप होता. मास्तरांनी तो वाचला नाही.